दव गोठले, पीक वाचेल काय?

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात डाब आणि अक्राणी तालुक्यात तोरणमाळ ही सातपुड्यातील दोन गावे थंडीसाठी ओळखली जातात. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंच आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस उत्तर महाराष्ट्रात थंडीची लाट आली, तेव्हा डाबच्या परिसरात गवतावरील दवबिंदू गोठले. पर्यटकांना अशा पांढऱ्या सकाळची मौज वाटते. पण ज्याच्या तुरीच्या शेंगांत दाणा भरत आहे किंवा ज्याची स्ट्रॉबेरी फुलावर आहे, त्याच्या वर्षाच्या कमाईचाच तो प्रश्न असतो. म्हणून हे दव का गोठते आणि गोठल्यानंतर काय वाचविता येते, ते पाहू या.

प्रथम एक कोडे. हवेचे तापमान ३ किंवा ४ अंश सेल्सियस असतानाही पानावर बर्फ दिसतो. पाणी तर ० अंशाला गोठते. मग हे कसे? याचे उत्तर असे, की हवामान केंद्रातील तापमापी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीच्या आडोशाला असतो. पान मात्र उघड्या आकाशाखाली असते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार उष्णता प्रारित करते. १० अंश तापमानाचे पान दर चौरस मीटरला सुमारे ३६५ वॅट उष्णता आकाशाकडे पाठविते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर वरून त्यापेक्षा ८० ते १०० वॅट कमी उष्णता परत येते. ढग असतील तर ही तूट फार थोडी राहते. ढगाळ रात्री थंडी कमी का वाटते, हे आता ध्यानात येईल.

पान किती पातळ असते याचाही हिशेब करा. ०.२ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पानांत सुमारे २०० ग्रॅम पाणी असते. ते १ अंशाने थंड होण्यास २०० कॅलरी, म्हणजे सुमारे ८४० जूल उष्णता जावी लागते. ९० वॅटची तूट असता त्याला दहा सेकंदही पुरे! सुदैवाने भोवतालची हवा पानाला उष्णता देत राहते. परंतु वारा पडला की ही मदत घटते, आणि पान हवेपेक्षा काही अंशांनी थंड होते.

थंड हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी वाहत येऊन खोलगट जागी साचते. म्हणून एकाच गावात टेकडीच्या उतारावरील शेत वाचते आणि नाल्याकाठचे शेत करपते.

आता वनस्पतीच्या आत काय होते? पेशींच्या मधल्या जागेतील पाणी प्रथम गोठते. हा बर्फ पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी कोरडी पडते, तिचे पटल फाटते, आणि बर्फ वितळल्यावर पेशीरस बाहेर झिरपतो. म्हणूनच सकाळी ताठ दिसणारे पान दुपारी उकडल्यासारखे मऊ आणि काळपट होते.

याचा अर्थ झाड मेलेच असे नाही. पाने व फुले सर्वांत आधी जातात. खोड जाड असते, आणि मुळांना जमिनीची ऊब असते. तेव्हा सकाळी पुढील गोष्टी कराव्यात.

बर्फ असेतो झाडे हाताळू नयेत. गोठलेल्या पेशी दाबाने फुटतात. बर्फ वितळल्यावर हलके पाणी द्यावे. करपलेल्या फांद्या लगेच छाटू नयेत. नुकसान नेमके कोठवर गेले ते कळण्यास काही दिवस लागतात, आणि तोवर वाळलेली पाने खालच्या डोळ्यांना पुढच्या थंडीपासून आडोसा देतात. साल नखाने किंचित खरवडून पाहावी: आत हिरवे असेल तर फांदी जिवंत, तपकिरी असेल तर मेलेली. युरियासारखे खत लगेच देऊ नये, कारण त्याने येणारी कोवळी फूट थंडीला सर्वांत आधी बळी पडते.

स्ट्रॉबेरीच्या फुलाचा मधला भाग काळा पडला असेल, तर पाकळ्या पांढऱ्या दिसल्या तरी त्या फुलाला फळ धरणार नाही. पण बुंध्याचा गाभा शाबूत असेल, तर नवी फुले येतात. तुरीचा दाणा घट्ट झाला असेल तर पुष्कळ पीक हाती लागते. दाणा दुधाळ असेल तर तो सुरकुततो. शहाद्याकडील पपईची पाने थंडीने गळाली, तर उघडी पडलेली फळे उन्हाने भाजतात. त्यांवर गोणपाट किंवा कागद बांधावा.

थंडीची लाट एका रात्रीत संपत नाही. पुढच्या रात्रीसाठी संध्याकाळी शेताला पाणी द्यावे. ओल्या जमिनीत उष्णता अधिक साठते आणि ती वर लवकर येते. शिवाय २५ अंशांचे १ लिटर विहिरीचे पाणी ० अंशाला येताना २५ किलोकॅलरी देते, आणि गोठताना आणखी ८०.

तुषार सिंचन करायचे असेल तर एक धोका लक्षात ठेवावा. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ६०० कॅलरी शोषल्या जातात, तर १ ग्रॅम गोठताना ८० च मिळतात. म्हणजे एका ग्रॅमच्या बाष्पीभवनाची भरपाई करण्यास साडेसात ग्रॅम पाणी गोठावे लागते. मध्यरात्री वीज गेली आणि फवारा थांबला, तर ओली पाने कोरड्या पानांपेक्षाही अधिक थंड होतात. विजेची खात्री नसेल तेथे हा उपाय न केलेलाच बरा.

शेकोट्या पेटवायच्या तर लहान आणि अनेक ठिकाणी पेटवाव्यात. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा ओढली जाते. धुराच्या पांघरुणावरही फार भिस्त ठेवू नये. त्याचे बहुतेक कण इतके बारीक असतात, की पानांतून निघणाऱ्या सुमारे १० मायक्रोमीटर लांबीच्या लहरींना ते फारसे अडवीत नाहीत. उपयोग होतो तो मुख्यतः आगीच्या उष्णतेचा. रोपवाटिकेवर जुने गोणपाट किंवा गवताचा मांडव घातला, तर मात्र प्रारण खरोखर अडते.

हे सारे शाळेच्या मैदानावर पडताळून पाहता येईल. तीन तापमापी घ्या. एक सव्वा मीटर उंचीवर आडोशाला टांगा, दुसरा उघड्या गवतावर ठेवा आणि तिसरा गवतावरच, पण गोणपाटाच्या छपराखाली ठेवा. पहाटे सूर्योदयापूर्वी तिन्ही वाचा. निरभ्र आणि ढगाळ अशा दहा-बारा रात्रींची नोंद करा. आपल्या गावात हवा किती अंशांवर असताना गवत शून्याला पोहोचते, हा आकडा त्यातून मिळेल. तो शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा. रेडिओवर किंवा मोबाइलवर रात्रीच्या तापमानाचा अंदाज ऐकताच, आज गोणपाट घालायचे की नाही, हे त्या आकड्यावरून तुमच्या घरच्यांना संध्याकाळीच ठरविता येईल.