कमीत कमी किती?

मागच्या आषाढात आईला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हातापायांची शक्ती बहुतांशी परत आली, परंतु गिळण्याची क्रिया पूर्ववत झाली नाही, सबब जे काही द्यावयाचे ते गुठळीविरहित, मऊ आणि दाटसर करूनच द्यावे, अशी ताकीद रुग्णालयातून निघतानाच मिळाली. वय 87, एका वेळचा आहार फार तर अर्धी वाटी. 36 वर्षे सरकारी कचेरीत काढलेल्या आणि तीन दरपत्रके हाती आल्यावाचून साध्या टाचणीच्या खरेदीवरही सही न केलेल्या मला वाटले, एक चांगलासा मिक्सर आणला की कामाचा निकाल लागला. दरपत्रके मागवली, हमीपत्राचे बारीक अक्षरातील कलम न् कलम वाचले, आणि 750 वॅटचे, तीन भांड्यांचे, ज्यातील थोरल्या भांड्यात दीड लिटर जिन्नस मावतो असे यंत्र मोठ्या समाधानाने घरी आणले. विचारायला हवा होता असा एकच प्रश्न मी विचारला नाही.

पहिल्या संध्याकाळी मुगाच्या डाळीचा मऊ भात, अर्धी वाटी, त्या थोरल्या भांड्यात घातला. यंत्राने घर दणाणून सोडले. दहा सेकंदांनी झाकण काढून पाहतो, तो भाताचा कण न् कण भांड्याच्या भिंतींना वरपर्यंत चिकटलेला, आणि तळाशी पाती स्वच्छ, रिकामी, हवेत फिरत असलेली! कारण साधे आहे. पाती जिन्नसात पुरती बुडालेली असतील तरच तो बाजूने वर चढून मध्ये भोवऱ्यासारखा पुन्हा खाली ओढला जातो. तेवढा जिन्नस नसेल तर पहिल्याच फटक्याला तो भिंतीवर फेकला जातो आणि तिथेच राहतो. चमच्याने खरवडून खाली लोटावे, पुन्हा फिरवावे, पुन्हा खरवडावे, असे पाच वेळा झाल्यावर मी वैतागून पाणी ओतले. वाटले तर गेले, परंतु झाली ती पेज. आणि पातळ पदार्थ अशा रुग्णाच्या घशातून नको त्या वाटेने उतरतो, हे त्या रात्री आईला लागलेल्या ठसक्याने मला शिकवले.

दुसऱ्या दिवशी घाईत वाफाळती खिचडीच आत घातली. बंद भांड्यात गरम अन्न घुसळले की वाफ आणि तापलेली हवा एकदम फुगते आणि झाकण उचलते. ते उचलले गेले. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर एकादशीच्या चौकोनात पिवळा डाग आजही आहे.

यात यंत्राचा दोष म्हणाल तर नाही. साठच्या दशकात मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने घरातला जर्मन मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे टिकेना म्हणून ‘सुमीत’ उभा केला, तेव्हापासून या जातीच्या यंत्राकडून अपेक्षा एकच: भिजवलेली डाळ, खोबरे, हळकुंड यांना पुरून उरावे, आणि भरल्या घराला पुरेल एवढे एका दमात वाटावे. एकट्या जिवाच्या अर्ध्या वाटीचा विचार त्यात असणार कुठून?

मग दुसरी खरेदी. पेल्यात जिन्नस भरून तो उलटा करून बसवण्याचे लहान यंत्र आणले. अर्धी वाटी त्यात वाटली जाते, हे कबूल. परंतु पेला घट्ट बंद असल्याने गरम काही घालण्याची सोय नाही, आणि मोटार इतकी लहान की मिनिटाभरात बूड तापते. त्याहून घात झाला तो भाताचा. वेगवान पात्यांखाली शिजलेला भात जरा जास्त वेळ राहिला की त्यातले पिष्ट मोकळे होऊन त्याची अक्षरशः खळ होते. पतंगाचे कागद चिकटवावेत अशी. बटाट्याचेही तेच. ही खळ टाळूला चिकटते, आणि गिळण्याची अडचण असलेल्या माणसाला पातळ जितके वाईट तितकेच चिकटही. शेजारच्या वहिनींनी दिलेला हातात धरून फिरवायचा ब्लेंडर उंच, अरुंद भांड्यात दोन वाट्या सूप असेल तर उत्तम. अर्ध्या वाटीत त्याचे तोंडच बुडत नाही, आणि शिंतोडे मात्र चष्म्यापर्यंत येतात. दोरी ओढायच्या चॉपरविषयी इतकेच, की तो चिरतो, वाटत नाही.

आता माझा शिरस्ता सांगतो. दुकानात जाताना अर्धी वाटी, म्हणजे सुमारे 75 मिलीलिटर, पाणी बाटलीत घालून न्यावे, भांडे मागून घ्यावे आणि ते पाणी आत ओतून पाती बुडतात का हे डोळ्यांनी पाहावे. तुळशीबागेजवळच्या एका दुकानात मी असे केले तेव्हा तिथला मुलगा कळवळून म्हणाला, “काका, मोठं घ्या ना, यात दीड लिटर बसतं!” जास्तीत जास्त किती, हे प्रत्येक दुकानदाराला पाठ असते, कमीत कमी किती, हे विचारले की तो मालकाकडे पाहतो. माझ्या पाण्यात पाती बुडाली ती फक्त चटणीच्या भांड्यात, ज्याचे बूड अरुंद आणि पाती तळालगत होती. तसले भांडे माझ्या पहिल्याच मिक्सरबरोबर आलेले होते आणि चार महिने खोक्यात पडून होते, ही कबुली देणे भाग आहे. नवे यंत्र घ्यावयाचे झाल्यास आयएस 4250 या मानकाची खूण पाहावी, आणि चटणीचे भांडे, झाकणातले रबर व कपलर सुटे मिळतात की नाही याची खातरजमा करावी. लसणीच्या वाटणाचे भांडे रुग्णासाठी वापरू नये. त्या रबराचा वास खिरीत उतरतो.

अन्न कोमट होऊ द्यावे. बटण सलग चालू न ठेवता उलट्या बाजूला क्षणक्षण फिरवावे. सैल करायचे तर पाण्याऐवजी डाळीचे वरचे पाणी, ताक किंवा दूध चमच्याचमच्याने घालावे, म्हणजे चव मरत नाही. भाजी वेगळी, वरण वेगळे वाटावे. सगळे एकत्र घोटून करड्या रंगाचा एकच लगदा समोर ठेवणे हा खाणाऱ्याचा अपमान आहे. भात आणि बटाटा मात्र यंत्रात घालूच नये. भात जास्त पाण्यात शिजवून, बटाटा उकडून, गरम असतानाच स्टीलच्या बारीक चाळणीवर डावाच्या पाठीने दाबून काढावा. पुरणयंत्रानेही होते, फक्त अर्ध्या वाटीतली पाव वाटी जाळीलाच राहते.

दाटपणाची परीक्षा आम्हाला गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवली. पदार्थांच्या 0 ते 7 अशा आंतरराष्ट्रीय पातळ्या आहेत, त्यांत आईची चौथी. चमचाभर अन्न घेऊन चमचा कलता करावा. ते आकार धरून राहावे आणि हलक्या झटक्याने एकसंध घसरावे. ओघळले तर पातळ, चमच्याला धरून बसले तर चिकट.

माझी ही सगळी खटपट आई खुर्चीतून पाहत असते. “पाट्यावर एक मिरचीसुद्धा वाटली जायची रे,” असे एकदा म्हणाली. पाटा गच्चीवर तुळशीच्या कुंडीखाली आहे. काल दोडक्याची भाजी केली होती. चटणीच्या भांड्यात तीन झटके, दोन चमचे ताक. चमचा कलता केला, भाजी एकसंध घसरली. तिने घास घेतला, सावकाश गिळला, ठसका लागला नाही, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “मीठ कमी आहे.”