बाटली का फुटली? वाईनच्या किटवरून शिकलेला धडा



गेल्या वर्षी ऑगस्टच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एका गटाच्या सचिव ताईंनी मोबाईल मधोमध ठेवला. त्यात एक परदेशी बाई स्वयंपाकघरात उभी राहून बादलीत द्राक्षाचा रस ओतत होती. वर एक पुडी टाकली, झाकण लावलं, आणि काही आठवड्यांनी तीस बाटल्या वाईन तयार!

ताई म्हणाल्या, "मॅडम, हे किट साडेचार हजाराला घरपोच मिळतंय. गटाच्या पैशातून मागवू या का?"

मी पटकन म्हणाले, "नाही हो ताई, ते बेकायदेशीर आहे."

त्यावर ताई जे बोलल्या ते मी अजून विसरले नाही. "नाहीतरी आपलं जांभळाचं सिरप आपोआप वाईनच होतंय. मग सरळ वाईनच विकलेली काय वाईट?"

सगळ्याजणी हसल्या. पण त्या हसण्यात दुखणं होतं. त्याच हंगामात या गटाने जांभूळ सिरपच्या 40 बाटल्या प्रदर्शनात नेल्या होत्या. त्यातल्या 11 बिघडल्या. काहींची बुचं उडाली, एक बाटली टेबलावरच फुटली. 150 रुपयांची एक बाटली, म्हणजे 1,650 रुपये पाण्यात गेले. शिवाय गिऱ्हाइकासमोर मान खाली गेली ती वेगळीच.

"बेकायदेशीर आहे" एवढं सांगून माझं काम झालं नव्हतं. घरी आल्यावर मी दोन्ही गोष्टींचा अभ्यास केला, किटचाही आणि आपल्या सिरपचाही. तेव्हा कळलं की ताईंचं बोलणं निम्मं खरं होतं. किटमधल्या बादलीत आणि आपल्या फुटलेल्या बाटलीत काम करणारा जीव एकच आहे. आता जांभळाचा हंगाम पुन्हा तोंडावर आलाय, म्हणून हा धडा सगळ्या गटांसाठी लिहिते आहे.

किटमध्ये असतं काय?

वाईनच्या किटमध्ये द्राक्षाचा आटवलेला दाट रस, यीस्टची पुडी आणि बादली-भांडी स्वच्छ करायची पावडर असते. शेवटी आंबणं थांबवायचं औषध असतं. झाकणाला पाण्याची एक छोटी नळी बसवतात. तिच्यातून आतला वायू बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत येत नाही. बिअरच्या किटमध्ये द्राक्षाऐवजी मोड आणलेल्या जवाचा दाट अर्क असतो. हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा त्यात आधीच मिसळलेला असतो. बरीचशी किटं 23 लिटरच्या मापाची असतात. व्हिडिओतल्या तीस बाटल्या इथूनच आल्या.

यात जादूची वस्तू एकच, ती म्हणजे यीस्ट. पाव फुगवायला जे वापरतात, त्याच जातीतलं.

यीस्ट काय करतं?

यीस्ट हा डोळ्यांना न दिसणारा जीव आहे. तो साखर खातो आणि तिचे दोन भाग करतो, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी 1850 ते 1870 च्या काळात हे दाखवून दिलं की रस आंबतो तो जिवंत सूक्ष्मजीवांमुळे. वाईन थोडी तापवली तर ती बिघडत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' लिहिलेलं असतं ना, ते नाव त्यांच्यावरूनच आलं.

आता हिशोब बघा. एक किलो साखर पूर्ण आंबली, तर साधारण अर्धा किलो अल्कोहोल आणि जवळपास तेवढाच वायू तयार होतो. हा वायू मोकळा सोडला तर सुमारे अडीचशे लिटर जागा व्यापतो. म्हणजे पाण्याचे 20 लिटरचे बारा-तेरा जार!

आपल्या 700 मिलीच्या बाटलीत नुसती दोन छोटे चमचे, म्हणजे 10 ग्रॅम साखर आंबली, तरी अडीच लिटर वायू होतो. बाटली बंद, बूच घट्ट. मग तो जाईल कुठे? किटच्या झाकणाला वायूसाठी नळी असते, आपल्या बाटलीला नव्हती. म्हणून बाटली फुटली.

आणि यीस्टची पुडी आपण टाकलीच नव्हती, मग ते आलं कुठून? जांभळाच्या सालीवरून. पिकलेल्या फळावर ते असतंच. धुतलं तरी थोडं उरतं.

मग वाईनच का करू नये?

आधी कायदा. आपल्या राज्यात 1949 चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणं हा त्यात गुन्हा आहे, आणि वाईन-बिअरही त्यात येतात. दारू करायच्या हेतूने साहित्य, भांडी, उपकरणं जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे. शिक्षा तुरुंगवासाची आहे, नुसत्या दंडाची नाही. म्हणजे किट ऑनलाइन विकत मिळालं, तरी त्यात वाईन करायची परवानगी मिळाली असं होत नाही. त्यातून किट गटाच्या पैशातून घेतलं तर ठराव वहीत, बिल गटाच्या नावावर आणि सह्या अध्यक्ष-सचिव ताईंच्या. उद्या विचारणा झाली तर उत्तर कोण देणार?

व्हिडिओतली बाई गुन्हा करत नव्हती, कारण तिच्या देशातला कायदा वेगळा आहे. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरच्यासाठी बिअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरी पिण्यापुरती बिअर करायला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. पण तिथेही घरी केलेली विकायची मुभा नाही. आपल्याला तर विकायचीच होती!

परवाना काढून करता येतं का? येतं. नाशिककडे वाइनरी उभ्या आहेत, त्या परवाना घेऊनच. राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरणही आणलं. शेजारच्या मध्य प्रदेशात अलीराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यांतल्या आदिवासी बचत गटांना मोहाची दारू बनवून विकण्याचा रीतसर परवाना मिळाला आहे. पण त्यामागे सरकारचं खास धोरण होतं, यंत्रं होती, तपासणी होती. साडेचार हजाराचं किट आणि एक बादली म्हणजे तो मार्ग नव्हे.

दुसरी गोष्ट कायद्याच्या पलीकडची आहे. बैठकीत एक काकू शेवटपर्यंत गप्प होत्या. उठताना एवढंच म्हणाल्या, "माझ्या घरात बाटलीने काय केलं ते मला माहितीये. गटाच्या नावाने बाटली नको." त्यांना समजवायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि समजवायची गरजही नव्हती. आपल्याच महिला गावात 'आडवी बाटली'साठी मतदान करतात. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की गावातलं दुकान बंद होतं. त्याच गटाने वाईन विकली तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न साधा नाही.

मात्र एक सांगते. आदिवासी पाड्यांवर देवकार्यात मोहाला मान असतो, वसईकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला वाईन असते. त्यांच्या रीतीला नावं ठेवायला हा लेख नाही. आपण बोलतोय ते गटाच्या पैशाबद्दल आणि गटाच्या धंद्याबद्दल.

एका ताईंनी विचारलं होतं, "घरच्या वाईनने माणसं मरतात का? विषारी दारूची बातमी येते तशी?" 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती दारू फळं आंबवून केलेली नव्हती. तिच्यात कारखान्यात वापरायचं मिथेनॉल होतं. फळ नुसतं आंबवल्याने तेवढं मिथेनॉल तयार होत नाही. पण म्हणून बिघडलेलं सिरप कुणी "थोडी वाईन झालीये" म्हणून पिऊ नका आणि पोरांना तर देऊच नका. त्यात यीस्टसोबत आणखी काय वाढलंय ते आपल्याला दिसत नाही.

आपल्या सिरपचं काय चुकलं?

आम्ही त्या गटासोबत बसून सगळी कृती परत लिहून काढली. चार चुका सापडल्या.

1. साखर कमी, पाणी जास्त. साखर महाग म्हणून 1 लिटर रसाला पाऊण किलोच साखर घातली होती, वर अर्धा लिटर पाणी. त्यामुळे सिरपमध्ये गोडी जेमतेम 39-40 टक्के राहिली. एवढ्या गोडीत यीस्ट मजेत वाढतं. गोडी 65 टक्क्यांच्या पुढे गेली की त्याला वाढणं फार अवघड जातं. मुरांबा वर्षभर टिकतो तो याच कारणाने.
2. बाटल्या गार पाण्याने धुतल्या. धूळ गेली, यीस्ट राहिलं.
3. सिरप थंड करून भरलं. गार होईपर्यंत पातेलं उघडंच होतं.
4. परिरक्षक अंदाजाने, तेही चुकीचं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चमच्याने घातलं. त्याने जांभळाचा रंगही फिका पडला. जांभूळ, कोकम अशा लाल-जांभळ्या रसांना सोडियम बेंझोएट वापरतात.

जांभूळ सिरप: सुधारलेली कृती

- पिकलेली, न किडलेली जांभळं दोन-तीन पाण्यांनी धुवा. स्टीलच्या पातेल्यात हाताने कुस्करा. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम नको.
- कुस्करलेला गर 70 अंशांपर्यंत तापवा, उकळू नका. रंग चांगला सुटतो. बिया काढून मलमलच्या कापडातून गाळा.
- 1 लिटर रसाला दीड किलो साखर आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला. पाणी अजिबात नाही.
- मंद आचेवर साखर विरघळवा, एक उकळी आणा, फेस काढा.
- एक थेंब गार करून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे गोडी बघा. 65 किंवा थोडं जास्त आलं पाहिजे. कमी आलं तर थोडं आटवा.
- गॅस बंद करून, तयार सिरपच्या 1 किलोला 0.7 ग्रॅम सोडियम बेंझोएट थोड्या गरम पाण्यात विरघळवून मिसळा. हे छोट्या वजनकाट्यावर मोजायचं, चमच्याने नाही. सरबत-सिरपसाठी कायद्याची कमाल मर्यादा साधारण एवढीच आहे, म्हणून "अजून थोडं" नको.
- काचेच्या बाटल्या गार पाण्यात ठेवून पाणी उकळवा आणि अर्धा तास उकळत ठेवा. झाकणंही गरम पाण्यातून काढा.
- सिरप 85 अंशांच्या आसपास असतानाच गरम बाटलीत भरा. गार बाटलीत ओतलं तर काच तडकते. वर दोन सेंटीमीटर जागा सोडा, झाकण लावा, बाटली दोन मिनिटं आडवी करा. आपली आडवी बाटली इथेही कामाला येते!
- लेबलवर तारीख, घटक, परिरक्षकाचं नाव आणि एफएसएसएआय नोंदणी क्रमांक हवाच.

प्रत्येक घाण्यातल्या दोन बाटल्या विकायच्या नाहीत. त्या घरातच, फ्रीजबाहेर, पंधरा दिवस ठेवायच्या. आम्ही त्यांना 'साक्षीदार बाटल्या' म्हणतो. बुडबुडे आले, झाकण फुगलं किंवा उघडताना फुस्स आवाज आला, तर तो घाणा बाजारात न्यायचा नाही.

पैशाचं काय?

ताई विचारतील, "एवढी साखर परवडेल का?" 1 लिटर रसामागे पाऊण किलो साखर वाढली. किलोला 44 रुपये धरले तर 33 रुपये. पाणी बंद केलं तरी साखरेमुळे सिरप आधीइतकंच, जवळपास दोन लिटर होतं. म्हणजे 700 मिलीच्या बाटलीमागे साधारण 12 रुपये वाढले. 40 बाटल्यांचे झाले 480. आणि मागच्या वेळी गेले होते 1,650. शिवाय सिरप दाट झाल्याने एका बाटलीत जास्त ग्लास सरबत होतं. हे गिऱ्हाइकाला सांगा, ते चार पैसे जास्त देतं.

त्या गटाने किटचा विषय सोडला. किटच्या निम्म्याहून कमी पैशात रिफ्रॅक्टोमीटर, छोटा वजनकाटा आणि थर्मामीटर घेतलं. हंगाम संपला होता, म्हणून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या गराचा एकच छोटा घाणा केला, 9 बाटल्यांचा. दोन साक्षीदार ठेवल्या. एक बाटली मी स्वतः मेच्या उकाड्यात उघडली. आवाज आला नाही. त्या सचिव ताई म्हणाल्या, "मॅडम, एवढ्या शांत बाटलीचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं."

पुढच्या बैठकीत बोलण्यासाठी

1. आपल्या गटाचं कोणतं उत्पादन आजवर फुगलं, आंबलं किंवा परत आलं? त्यात साखर किती होती?
2. परिरक्षक आपण कशाने मोजतो?
3. मोबाईलवर बघितलेला नवा धंदा ठरावात घेण्याआधी कोणते तीन प्रश्न विचारायचे?

उत्तरं वहीत लिहून ठेवा. मी भेटीला आले की आधी तीच वही बघणार आहे, आणि मग सरबत पिणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक