गाभ्यातील फेरफार आणि त्यांची तपासणी

एकाच मोठ्या संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालविण्याच्या तंत्रास आभासीकरण म्हणतात. भारत सरकारच्या ‘मेघराज’ मेघसेवेचाही हे तंत्र आधार आहे. एकाच यंत्रावर अनेक कार्यालयांची माहिती शेजारी-शेजारी नांदत असल्याने त्यांच्यामधील भिंत शाबूत राहणे हा केवळ तंत्रज्ञांच्या जिव्हाळ्याचा विषय राहत नाही.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या ‘लिनक्स’ कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये, आभासीकरणाची ‘केव्हीएम’ ही सोय २००७ साली समाविष्ट झाली. मूळ यंत्रास ‘यजमान’ आणि त्यावरील आभासी यंत्रास ‘पाहुणा’ म्हणतात. ‘व्हर्ट-आयओ’ पद्धतीच्या ड्रायव्हरमध्ये या दोघांची देवाणघेवाण सामायिक स्मृतीतील एका रांगेद्वारे होते. माहिती कोठे आहे व तिची लांबी किती, याची नोंद पाहुणा रांगेत ठेवतो. यजमान ती वाचून काम करतो.

फेरफाराची वाटचाल

फेरफार नोंद तलाठ्याने घेतली, तरी ती प्रमाणित झाल्यावाचून अधिकार अभिलेखात कायम होत नाही. गाभ्यातील बदलांचीही रीत बरीचशी अशीच आहे. बदल सुचविणाऱ्याने एका वेळी एकच बदल मांडावा, तो का आवश्यक आहे हे लिहावे आणि खाली स्वतःच्या नावाने ग्वाही द्यावी, असा दंडक आहे. ही ग्वाही देण्याची प्रथा २००४ पासून रूढ झाली. त्यानंतर जाणकार तो बदल ओळीगणिक तपासतात. त्या विभागाचा उत्तरदायी व्यवस्थापक तो स्वीकारतो, परत पाठवितो किंवा दुरुस्ती सुचवितो. तपासणाऱ्याचे नावही बदलासोबत कायमचे नोंदले जाते.

तपासणाऱ्याने काय पाहावे?

पहिला नियम असा की, पाहुण्याने लिहिलेल्या कोणत्याही आकड्यावर विसंबू नये. दुसरा नियम याहून सूक्ष्म आहे. सामायिक स्मृतीतील आकडा तपासल्यानंतर, पण वापरण्यापूर्वी, पाहुणा तो बदलू शकतो. म्हणून आकडा एकदाच वाचून त्याची प्रत स्वतःजवळ घ्यावी आणि तपासणी व वापर दोन्ही त्या प्रतीवरच करावेत. अलीकडे गोपनीय संगणनात पाहुण्यानेही यजमानावर विश्वास ठेवू नये अशी अपेक्षा असल्याने हीच दक्षता उलट दिशेनेही घ्यावी लागते.

एका शून्याची किंमत

२०१९ साली उघडकीस आलेला ‘व्ही-होस्ट’ ड्रायव्हरमधील दोष या दृष्टीने उद्बोधक आहे. चालू आभासी यंत्र एका यजमानावरून दुसऱ्यावर हलविताना, स्मृतीचा कोणता भाग बदलला याची टिपणे हा ड्रायव्हर ठेवतो. त्यासाठी ठरावीक जागा राखलेली होती. टिपणांची संख्या स्मृतीच्या तुकड्यांच्या संख्येपेक्षा कधीच वाढणार नाही, हे त्यामागील गृहीत होते. परंतु पाहुण्याने शून्य लांबीची नोंद दिली, तर तुकड्यांची संख्या तेवढीच राही आणि टिपण मात्र एकाने वाढे. अशा नोंदी पुरेशा झाल्या की टिपणे राखीव जागेबाहेर जाऊन यजमानाच्याच गाभ्यावर उमटत. पाहुण्याने भिंत ओलांडून यजमानाच्या घरात शिरण्याचा धोका त्यातून उद्भवला.

हा ड्रायव्हर २०१० साली गाभ्यात आला होता. त्यानंतर अनेकांच्या नजरेखालून गेलेला हा दोष सुमारे नऊ वर्षे टिकून राहिला. दुरुस्ती मात्र अगदी लहान होती: लांबी शून्य असल्यास टिपण करू नये.

बोध

नेहमीची कामे सुरळीत चालतात एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे तपासणी नव्हे. प्रत्येक गृहीत शोधून काढावे आणि ‘हा आकडा शून्य असेल तर? कमाल मर्यादेचा असेल तर? मध्येच बदलला तर?’ असे प्रश्न त्यास विचारावेत. तपासणाऱ्याची सही हा उपचार नसून उत्तरदायित्व आहे. बदल एका हाताने लिहिला जातो. त्यावर विसंबणारे मात्र असंख्य असतात, आणि त्यांपैकी बहुतेकांना तो बदल झाल्याचे कधी कळतही नाही.