नकाशाच्या आधी गरजपत्रक

समाजमंदिर बांधायचे ठरले की पहिल्याच बैठकीत खांब किती, फरशी कोणती, अशी चर्चा सुरू होते. वास्तविक इंजिनिअरकडे जाण्यापूर्वी आपली गरज कागदावर साध्या शब्दांत लिहून काढणे अगत्याचे आहे. कागदावरची ओळ खोडता येते; उभी भिंत पाडायला मात्र पुन्हा वर्गणी लागते.

उपयोग बदलला की वास्तूचे रूप बदलते. सांचीचा प्राचीन स्तूप भरीव आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील, २००१ साली खुला झालेला स्तूप पोकळ आहे. तेथे माणसे आत जाऊन बसू शकतात.

आपल्या गरजपत्रकात पुढील बाबी असाव्यात :

१) रोज अभ्यासाला किती मुले बसतील आणि जयंतीला किती माणसे जमतील, हे आकडे वेगवेगळे लिहावेत.

२) काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया ठरवण्यापूर्वी मातीची तपासणी व्हावी.

३) ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवून भूकंपरोधक बांधणीची अट घालावी.

४) फरशीच्या कंपनीचे नाव न लिहिता ‘ओल्या फरशीवर पाय घसरू नये’ असे लिहावे.

५) आधी काय बांधायचे आणि पैसे जमल्यावर काय, हे स्पष्ट असावे.

आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे वर्षातील कित्येक महिने गावाबाहेर असतात. वर्गणी त्यांचीही असते. ती गावी असताना हे पत्रक सर्वांसमोर वाचून दाखवावे, त्यांच्या सूचना घ्याव्यात आणि मगच नकाशा काढायला द्यावा.