नरक्या : कर्करोगाच्या पेशींना रोखणारे सह्याद्रीतील झाड

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील शेतकऱ्यांना नरक्याचे झाड परिचित आहे. फुलांच्या दुर्गंधीमुळे त्यास हे नाव पडले. या झाडात कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉईड असते व त्यासाठीच त्याची चोरटी तोड होते. म्हणून त्याची शास्त्रीय माहिती असणे गरजेचे आहे.

शोध : १९६६ मध्ये अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षापासून हे द्रव्य वेगळे केले. ते नरक्यातही असल्याचे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखविले.

कार्य कसे चालते? : पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची नक्कल व्हावी लागते. डीएनए दोन पदरी दोरासारखा असतो. दोराचे पदर उलगडू लागल्यास पुढे पीळ घट्ट होतो, हा आपला अनुभव आहे. पेशीतील एक विकर डीएनएचा एक पदर कापते, पीळ सैल करते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन या विकराला कापलेल्या जागीच अडकवून ठेवते. जोड होत नाही. नक्कल तेथे पोहोचताच डीएनए तुटतो, पेशीची वाढ थांबते किंवा ती मरते. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असल्याने त्यांच्यावर हा परिणाम अधिक होतो.

सावधगिरी : अस्थिमज्जा व आतड्यातील निरोगी पेशीही वेगाने विभागतात, त्यांनाही इजा होते. मूळ द्रव्याच्या चाचण्या विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. त्यात रासायनिक बदल करून बनविलेल्या टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन या औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मोजून दिली जातात. त्यामुळे नरक्याच्या सालीचा किंवा मुळीचा काढा घरी करून कोणालाही देऊ नये.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. झाड तोडू नये, मुळासकट उपटू नये. चोरटी तोड आढळल्यास वनखात्यास कळवावे.
२. पिकलेल्या जांभळट फळांचे ताजे बी पिशव्यांत पेरून रोपे करावीत व पावसाळ्याच्या सुरुवातीस लावावीत.
३. विक्रीसाठी लागवड करण्यापूर्वी खरेदीदाराची खात्री करावी आणि तोड व वाहतुकीचे नियम वनखात्याकडून समजून घ्यावेत.

एकदा झाड मुळासकट गेले की त्याचे बीही गेले. राखले तर औषधही मिळेल आणि रोपेही.