जुनी लँडरोव्हर घेताना आधी बुडखा पाहा



या पानावर आपण नेहमी बेणे, खत आणि पाणी यांवर बोलतो. या वेळी विषय गाडीचा आहे. ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की गावोगाव जुन्या गाड्यांची चौकशी सुरू होते. चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा या भागांत पावसाळ्यात शेतापर्यंत पोचायचे तर चारही चाकांना जोर देणारी गाडी किती कामाची, हे सांगायला नको. त्यात कोणी जुनी इंग्रजी लँडरोव्हर विकतो आहे असे कानावर आले, की हौशी माणूस मागचा-पुढचा विचार करीत नाही. वर्षाच्या घामाचा पैसा नेमका अशा वेळी बुडतो. सबब ही गाडी कशी पारखावी व कशी सांभाळावी, याची माहिती येथे देत आहे. यातील बहुतेक गोष्टी जुन्या जीपलाही लागू पडतात.

गाडीची जात

ही गाडी शेतीसाठीच जन्मली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातून उरलेली विलीज जीप वापरत. तिच्यावरून त्यांना कल्पना सुचली आणि एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँडरोव्हर लोकांसमोर आली. त्या काळी इंग्लंडात पोलादाची टंचाई होती. म्हणून बॉडीचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. खालची चासी मात्र पोलादाचीच राहिली. सगळी मेख इथेच आहे.

पुढे १९५८ साली दुसरी मालिका आणि १९७१ साली तिसरी मालिका आली. डिफेंडर या नावाने हाच सांगाडा थेट जानेवारी २०१६ पर्यंत तयार होत होता. २००८ साली टाटा मोटर्सने लँडरोव्हर कंपनी विकत घेतली. पण म्हणून साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचे पार्ट टाटांच्या दुकानात मिळतील, अशा भ्रमात राहू नये.

चासी म्हणजे बुडखा

खोडवा ठेवताना आपण पाला बघत नाही, बुडखा बघतो. हुमणी लागलेल्या उसाचा पाला सुरुवातीला हिरवाच असतो. खाली मुळ्या खाऊन झाल्यावर बेट हाताने उपटून येते. लँडरोव्हरचेही तसेच आहे. वरचा पत्रा गंजत नाही, त्यामुळे गाडी नवरीसारखी दिसते. खालची चासी पेटीसारखी पोकळ असते. तीत पाणी आणि चिखल साठतो व ती आतून कुजते. आपल्याकडच्या पावसात हे काम अधिकच लवकर होते.

तरी पारख अशी करावी. गाडी उंच जागी घेऊन खाली शिरावे. लहान हातोडीने चासी टोकापासून टोकापर्यंत ठोकत जावे. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा भद येतो. मागचा आडवा तुकडा, पाटे जिथे अडकवले आहेत त्या जागा आणि बॉडी पेलणारे बाजूचे हात विशेष तपासावेत. आपण पाय ठेवतो तो समोरचा पत्राही पोलादीच असतो, तोही पाहावा. खाली ताजे डांबर किंवा काळा रंग फासलेला दिसला तर समजावे, काहीतरी झाकले आहे. पत्र्यावर पत्रा ठेवून वेल्डिंग केलेली चासी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

कागद

जमीन घेताना सातबाऱ्यावर बोजा पाहतो, तसा आर.सी.वरचा बोजा पाहावा. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवून घ्यावा. चासीवर ठोकलेला क्रमांक व इंजिनाचा क्रमांक आर.सी.शी स्वतः ताडून पाहावा. क्रमांक घासलेला वाटला तर तिथूनच रामराम करावा.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्याची फी व पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत संपलेली गाडी घेणे म्हणजे दुसऱ्याचे घोंगडे आपल्या गळ्यात घेणे होय. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नुसत्या स्टॅम्पपेपरवर व्यवहार करून गाडी फिरवू नये. अपघात झाला तर दोघांचीही घरे उन्हात येतात.

इंजिन शेवटी

बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात. ते शेवटी उघडावे. इंजिन दुरुस्त होते. आपल्या उद्यमनगरात बोअर करणे, क्रँक ग्राइंडिंग, बुश ओढणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. दार्जिलिंग जिल्ह्यात मानेभंज्यांग ते संदकफू या ३,६३६ मीटर उंचीपर्यंतच्या चढावर १९५०च्या दशकातल्या लँडरोव्हरनी कित्येक दशके माणसे व माल वाहिला. त्यांतल्या अनेकींची मूळ इंजिने केव्हाच गेली, देशी डिझेल इंजिने बसली, पण गाड्या चालत राहिल्या. मात्र इंजिन बदललेले असेल तर त्याला आरटीओची मंजुरी व आर.सी.वर नोंद आहे का, हे पाहणे अगत्याचे आहे.

गाडी थंड असताना सुरू करून बघावी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे इंधन जादा जाते, आणि गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर पाणी आत शिरत असण्याचा संभव आहे. पहिल्या दोन मालिकांत पहिला व दुसरा गिअर टाकताना कुरकुर होते, ती त्या रचनेची खोड आहे. डबल क्लच मारावा. पण उतारावर गिअर आपोआप सुटत असेल तर तो दोष समजावा.

ब्रेकबाबत तडजोड नाही

जुन्या मालिकांत बहुतेक गाड्यांना चारही चाकांच्या ब्रेकसाठी एकच लाइन असते. एका चाकाचा रबरी कप फाटला की चारही ब्रेक जातात. करूळ किंवा फोंडा घाटात असे झाले तर काय होईल, हे वेगळे लिहायला नको. पॅडल पाच मिनिटे दाबून धरावे. हळूहळू खाली गेले तर गळती आहे. कप आणि होस नवीनच घालावेत, त्यात जुगाड चालत नाही. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते, म्हणून दोन वर्षांनी बदलावे. ओढ्यातून गाडी काढल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबत जावे म्हणजे ड्रम सुकतात.

सांभाळ

१. पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचे ऑइल पाहावे. दुधासारखे झाले असेल तर पाणी शिरले आहे, लगेच बदलावे.

२. पिवळी मूठ दाबली की चारही चाके लागतात, लाल मुठीने हलका गिअर लागतो. ही सोय चिखलासाठी आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके लावून गाडी चालवू नये. पुढच्या-मागच्या चाकांचा ताण कुठेच सुटत नाही आणि शाफ्ट तुटतो.

३. नटबोल्ट इंची आहेत. मिलिमीटरचे पाने लावून त्यांची डोकी गोल करू नयेत.

४. सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. बॅटरी बदलताना मिस्त्रीला हे आधी सांगावे.

५. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल आपल्याच उसाचे, त्याचा आनंद आहे. परंतु जुने रबर त्याने मऊ पडते व ते पाणीही ओढते. तरी पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात आणि टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

६. पावसाळा संपला की चासी आतून-बाहेरून धुऊन, पूर्ण वाळवून, पोकळीत ऑइल मारावे. वर्षातले हे एक काम चुकवू नये.

पैशाचे गणित

जवळचा सगळा पैसा गाडीच्या किमतीत घालू नये. पहिल्या वर्षी दुरुस्तीला मोठी रक्कम लागतेच, ती बाजूला ठेवूनच भाव ठरवावा. ही गाडी ट्रॅक्टर नव्हे, उसाच्या ट्रॉलीला जुंपू नये. खाजगी नोंदणीवर भाड्याने माणसे नेणे कायद्यात बसत नाही, तेव्हा ‘गाडीच गाडीचा हप्ता फेडील’ हा हिशेब मनातून काढावा. सोसायटीचे पीककर्ज आणि पुढच्या लागणीचे बेणे-खत यांचा पैसा वेगळा झाल्यावर जे उरेल, तेवढ्यातच हौस करावी.

ज्याची चासी घट्ट, कागद स्वच्छ आणि ब्रेक भरवशाचे, ती गाडी रंग उडालेली असली तरी घ्यावी. यांतले एक जरी नसले, तर गाडी कितीही चमकत असो, हात जोडून परत यावे. बुडखा चांगला असेल तर खोडवा साधतो. नाहीतर नुसते पाणी पाजत बसावे लागते.

— ऊस विकास अधिकारी