कस, शिक्का आणि विश्वास : बनारसच्या टांकसाळीचा धडा

वाराणसीच्या नदेसर भागात ‘मिंट हाउस’ हे नाव आजही प्रचलित आहे. या नगरीत एकेकाळी टांकसाळ होती, याची ती खूण. तेथील नाण्यांवर टांकसाळीचे नाव ‘मुहम्मदाबाद बनारस’ असे फारसी लिपीत असे. इ.स. १७८१ नंतर टांकसाळ ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, तरी नाणी मोगल बादशहा शाह आलम याच्याच नावाने पाडली जात. बदलत्या राज्यवर्षासोबत ‘१७’ हा ठराविक अंकही रुपयांवर कोरलेला असे. अशी बारीक चिन्हे वाचता येणे, हा नाणेसंग्राहकाचा पहिला पाठ होय.

कस कसा ठरतो?

१८२० ते १८३० या काळात जेम्स प्रिन्सेप या टांकसाळीत धातूचा कस तपासणारे अधिकारी होते. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सोन्याचा अंदाज येतो. अचूक कसासाठी मात्र अग्निपरीक्षाच लागते. सोन्याच्या वजन केलेल्या तुकड्यात चांदी व शिसे मिसळून तो हाडांच्या राखेच्या वाटीत तापवतात. हिणकस धातू शिशाबरोबर राखेत शोषले जातात. उरलेली चांदी नत्राम्लात विरघळते आणि शुद्ध सोने मागे राहते. त्याचे वजन हाच कसाचा पुरावा. भट्टीचे तापमान अचूक मोजण्याच्या पद्धतीवरही प्रिन्सेप यांनी संशोधन केले आणि १८२८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८३० मध्ये बनारसची टांकसाळ बंद झाली व ते कलकत्त्यास परतले. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारे प्रिन्सेप ते हेच.

शिक्क्याचे मोल

प्रत्येक माणसाला अशी परीक्षा करणे शक्य नसते. म्हणून तो शिक्क्यावर विश्वास ठेवतो. अमेरिकेत १७८७ मध्ये न्यू यॉर्कचे सोनार इफ्राइम ब्रॅशर यांनी सोन्याची नाणी पाडली व त्यांवर ‘ईबी’ ही आपली आद्याक्षरे उमटवली. आज त्यांपैकी मोजकीच उपलब्ध आहेत. २०२१ मध्ये एका नाण्यास लिलावात ९३ लाख ६० हजार डॉलर मिळाले. ही किंमत केवळ सोन्याची नव्हे. दुर्मिळता, इतिहास आणि निःसंशय अस्सलपणा यांची आहे.

आपल्याकडील असेच नाणे म्हणजे १८३५ ची दुहेरी मोहोर. एका बाजूस राजा चौथा विल्यम, दुसऱ्या बाजूस सिंह व ताडवृक्ष. वजन ३६० ग्रेन, म्हणजे सुमारे २३.३ ग्रॅम, आणि कस २२ कॅरट. कंपनीच्या मुलखात एकसारखे चलन याच वर्षी सुरू झाले. त्यापूर्वी निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बदलताना सराफ बट्टा कापत. नावाला बट्टा लागतो, तो याच व्यवहाराची आठवण देतो. या मोहोरेचे जुन्या ठशांवरून पुढे पुन्हा पाडलेले नगही आढळतात. सोने तेच, वजनही तेच. परंतु संग्राहकाच्या दृष्टीने मूळ नाणे आणि पुनर्मुद्रित नाणे यांच्या मोलात मोठे अंतर असते.

ग्राहकांनी काय ध्यानात ठेवावे?

घरातील पेटीत वाडवडिलांची मोहोर निघाली, तर ती वजनावर मोडण्याची घाई करू नये. एकदा मुशीत वितळलेला इतिहास कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. तिला घासूनपुसून चकाकी आणू नये. त्याने मूल्य घटते. दोन्ही बाजूंची छायाचित्रे व अचूक वजन यांची नोंद ठेवावी आणि जाणकार नाणेतज्ज्ञाचे मत घ्यावे. खरेदी करताना पावती व नाण्याची पूर्वपीठिका मागावी. केवळ ‘दुर्मिळ’ या शब्दावर पैसे मोजू नयेत.

कायद्याचे भानही हवे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते व खासगी व्यक्तीस ते परदेशी निर्यात करता येत नाही. जमिनीत दडलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे.

सोन्याचा भाव रोज बदलतो. परंतु कसोटीला उतरलेल्या शिक्क्यावरचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नाण्याचे आणि बँकेचेही खरे भांडवल तेच होय.